वळवाचं पाणी आणि फुल्यांचा असूड

परवा वळीव झाला. ओढ्याला पाणी आलं, पण रंग चहासारखा. पोरं पुलावर उभी राहून व्हिडिओ काढत होती. मला मात्र वाटलं, हे नुसतं पाणी नाही, आपली जमीन चाललीय.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच दुखणं मांडलं होतं. डोंगरावरच्या पानाफुलांचं कुजलेलं सत्त्व वळवाच्या पावसानं ओढ्यात वाहून जाऊ नये, म्हणून जागोजागी ताली-बंधारे बांधा, आणि त्या कामाला सरकारनं लष्करातले रिकामे शिपाई लावावेत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. म्हणजे माती वाचवणं हे सरकारचं काम आहे, हे आपल्याकडे त्या काळी लिहिलं गेलंय!

बांध तालीनं सांभाळायचा, तसं रान पिकानं झाकायचं. माझे आजोबा ज्वारीत तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरायचे. मोकळ्या रानात ताग टाकायचे आणि फुलावर आला की गाडायचे. का, ते विचारलं तर म्हणायचे, "रानाला बी खायला लागतंय." द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी १८८८ मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडे बेवड म्हणून कडधान्य घ्यायची रीत त्याच्याही आधीची.

मग युरिया आला. गोणी टाकली की पीक हिरवंगार. तागासाठी दीड-दोन महिने रान अडकवून ठेवणं कुणाला परवडेना. वडिलांनी ताग सोडला, मीही तेच केलं. वर ऊस तुटला की पाचट पेटवायचं, नांगरून रान उघडं टाकायचं आणि त्याला "स्वच्छ रान" म्हणायचं. आता रान ढेकळं धरतंय, गोण्या वाढतायत आणि उतारा तिथंच आहे.

यंदा आडसाली लागणीआधी एक एकर ताग करतोय. बियाणं २०-२५ किलो, साधारण पन्नास दिवसांत गाडायचा. एका वर्षात चमत्कार होणार नाही, माहिती आहे.

ग्रामसभेत आपण युरियाच्या टंचाईवर तासभर भांडतो. एकदा "सोसायटीत तागाचं बियाणं वेळेवर ठेवा" म्हणून भांडू की! कोण कोण येतंय, सांगा.