‘देयधम’ ते ‘डोनेट’ : जुन्नरच्या लेण्यांतून इंग्रजी शब्दसंपदेकडे

जुन्नरच्या लेण्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा कोरलेला आढळतो : ‘देयधम’. संस्कृतात देयधर्म, म्हणजे धर्मार्थ दिलेले दान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणी पाण्याची पोढी खोदवली, कुणी भिक्षूंसाठी भोजनमंडप करून दिला आणि या एका शब्दाशेजारी आपले नाव ठेवले. आजचा धागा या शब्दाच्या मुळाविषयी आहे. स्पर्धापरीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकणाऱ्या मित्रांनी तो सावकाश वाचावा.

‘देय’च्या मुळाशी ‘दा’ हा धातू आहे. आपण ‘ददामि’ म्हणतो, ग्रीक माणूस ‘दिदोमि’ म्हणत असे. अर्थ एकच, मी देतो. लॅटिनमध्ये देणगीला ‘दोनुम’. एवढे मनात ठसले की पुढचे शब्द आपोआप हाताशी येतात. डोनर आणि डोनेट तर उघडच. डोस म्हणजे दिलेली मात्रा, अँटिडोट म्हणजे विषाविरुद्ध दिलेले औषध, डेटा म्हणजे ‘दिलेल्या गोष्टी’, एडिशन म्हणजे बाहेर, लोकांच्या हाती दिलेला ग्रंथ. सर्वांत रंजक शब्द ॲनेक्डोट. त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर न दिलेले’, अप्रकाशित. सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने सम्राट जस्टिनियनच्या दरबारातील भानगडी लिहून ठेवल्या; त्या गुप्त इतिहासाला पुढे हेच नाव मिळाले. आतल्या गोटातली ती कुजबुज म्हणूनच आजचा ‘किस्सा’ झाली.

याच लेण्यांतील तीन दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात : इरिल, चिट आणि चंद. यवन हा शब्द ग्रीकांच्या आयोनिया प्रांताच्या नावावरून आला. इंग्रजीतील आयोनियन आणि आयोनिक हे त्याचेच सोयरे. या तिघांच्या नावांवरून ते मूळचे ग्रीकच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र त्यांनी आपले दान प्राकृतात नोंदवले, हे दगडावरच दिसते.

आता नाणेघाट. कोकणातील बंदरांकडून जुन्नरला चढणाऱ्या या वाटेच्या माथ्यावरील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री आहे : एके ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती, दुसरीकडे २४,४०० कार्षापण. अंकांच्या इतिहासासाठी हा लेख जगप्रसिद्ध आहे. शब्दांसाठीही तो एक खाणच आहे. आरंभी ‘चतुंनं लोकपालानं’ वंदन आहे. चतुर् आणि लॅटिन ‘क्वात्तुओर’ एकाच कुळातले, म्हणून क्वार्टर आणि क्वाड्रंट. गायीचा ‘गो’ इंग्रजीत ‘काऊ’ झाला, लॅटिनमध्ये ‘बोस’ आणि तेथून बोवाइन. आपले रोजचे बटरसुद्धा ग्रीक ‘गायीचे चीज’ या अर्थाच्या शब्दातून आले. अग्न्याधेयातील अग्नी म्हणजे लॅटिन ‘इग्निस’, त्यातून इग्नाइट आणि इग्नियस. हा शेवटचा शब्द पाठ करण्याची गरजच नाही. नाणेघाटात जाऊन गुहेच्या भिंतीवर हात ठेवा : सह्याद्रीचा बसाल्ट हा अग्निजन्य, म्हणजेच इग्नियस खडक.

अश्वमेधातील अश्वासाठी मात्र शेजारच्या तालुक्यात जाऊ. आंबेगाव तालुक्याला नाव देणारे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठिकाण आहे घोडेगाव आणि नदीचे नाव घोड. अश्व, लॅटिन ‘एक्वुस’ आणि ग्रीक ‘हिप्पोस’ ही भावंडे. ‘पोटामोस’ म्हणजे नदी. हिप्पोपोटॅमस हा शब्द अडला की घोड नदी आठवा : नदीचा घोडा! मेसोपोटेमिया म्हणजे नद्यांमधला प्रदेश. त्यातील ‘मेसो’ हा आपल्या ‘मध्य’चा नातलग.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. घोड नदी ही आठवण्याची खुंटी आहे, व्युत्पत्ती नव्हे. ‘घोडा’ हा शब्द घोटकापासून आला, अश्वापासून नाही. खुंटी आणि मूळ यांची गल्लत झाली की इतिहासाची माती होते. ‘दिवस’ आणि इंग्रजी ‘डे’ यांचा अर्थ एक, आरंभीचा ध्वनीही सारखा, तरी त्यांचे मूळ एक नाही. दिवसाचा खरा नातेवाईक लॅटिन ‘दिएस’; तो इंग्रजीत डायरीत सापडतो. आणि इंग्रजी संस्कृतातून निघाली, हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावाही चूकच. १७८६ मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान मुळातून निघाल्या असाव्यात असे मांडले. हे नाते बहिणींचे आहे, आई-मुलीचे नव्हे. अभिमानासाठी खोटी व्युत्पत्ती वापरणारा विद्यार्थी शब्दही गमावतो आणि इतिहासही.

मुळे सापडली, पण ती स्मरणात कशी ठेवावीत? याचे उत्तर शिवनेरीवर जन्मलेल्या राजाच्या दरबारात मिळते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशात राज्यकारभारातील सुमारे १,३८० फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. रचना अमरकोशाच्या वळणाची : श्लोकबद्ध आणि दहा वर्गांत विभागलेली. दुर्गाचे शब्द दुर्गवर्गात, बाजाराचे पण्यवर्गात. अकारविल्हे यादीत शेजारचे दोन शब्द एकमेकांना ओळखत नाहीत. वर्गात ते एका घरात राहतात, एक हाक मारली की दुसराही ओ देतो. आपल्या वहीतही ‘दा’चे एक पान, ‘अग्नी’चे एक पान असे वर्ग पाडून पाहा.

त्या कोशाचे सारे पर्याय रुजले नाहीत. सेनापती, सचिव, अमात्य टिकले. पण किल्लेदार आणि हवालदारही टिकले. दप्तर तर शाळेपर्यंत पोहोचले. फारसी ‘दफ्तर’चे मूळ बहुतेक कोशकार ग्रीक ‘दिफ्थेरा’ या शब्दात पाहतात. दिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर लिहीत असत. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला एकोणिसाव्या शतकात त्याच शब्दावरून नाव मिळाले : डिप्थेरिया.