मोठे पिस्तूल लपवून बाळगण्याच्या पद्धती

मोठे पिस्तूल लपवून बाळगणे म्हणजे सैन्यदले वा पोलीस दले वापरतात त्या पूर्ण आकाराचे पिस्तूल नेहमीच्या कपड्यांखाली, इतरांच्या नजरेस येणार नाही अशा रीतीने अंगावर वागविणे होय. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथे तिला ‘कन्सील्ड कॅरी’ असे म्हणतात. पिस्तूल शरीराच्या कोणत्या भागावर ठेवावे हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो; प्रत्यक्षात तो सुरक्षिततेशी निगडित आहे. टोचणारे पिस्तूल बाळगणारा माणूस ते सतत चाचपतो, सावरतो आणि अखेरीस काढून मोटारीत, पर्समध्ये किंवा टेबलावर ठेवतो. अशा ठिकाणी ते चोरीस जाते, विसरले जाते किंवा लहान मुलांच्या हाती लागते.

कायदेशीर पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत शस्त्र उघडपणे बाळगणे प्रतिष्ठेचे आणि लपवून बाळगणे मारेकऱ्याचे लक्षण मानले जाई. केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपविलेल्या शस्त्रांवर निर्बंध घातले होते. न्यू यॉर्क राज्याने १९११ च्या सुलिव्हन कायद्यान्वये लपवता येण्याजोग्या बंदुकांसाठी परवाना सक्तीचा केला. पुढे हा संकेत बहुतांशी उलटला. टेक्सासमध्ये तर परवानाधारकाने पिस्तूल कमरेला उघडपणे लावणे १ जानेवारी २०१६ पर्यंत बेकायदा होते. ते लपविणे हीच त्याची कायदेशीर जबाबदारी होती.

फ्लोरिडाने १९८७ मध्ये ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक अर्जदारास परवाना देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर अनेक राज्यांनी तशाच स्वरूपाचे कायदे केले. २०१३ मध्ये इलिनॉय हे लपवून शस्त्र बाळगण्यास मुभा देणारे शेवटचे राज्य ठरले. न्यू यॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी परवान्यासाठी ‘विशेष कारण’ दाखविण्याची न्यू यॉर्कमधील अट घटनाबाह्य ठरविली. २०२४ पर्यंत ५० पैकी २९ राज्यांत पात्र प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल लपवून बाळगता येऊ लागले. परवान्याची अट गेली की बऱ्याच ठिकाणी तिला जोडलेले सक्तीचे प्रशिक्षणही जाते. त्यामुळे पिस्तूल कोठे व कसे ठेवावे हे अनेक जण स्वतःच्या अनुभवातून शिकतात, आणि या विषयात अनुभवातून शिकणे महाग पडू शकते.

आकार, वजन आणि मूठ

जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेले आणि अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले एम १९११ हे पिस्तूल सुमारे २१.६ सेंमी लांब असून त्याची नळी १२.७ सेंमी आहे. पोलादी बांधणीमुळे त्याचे रिकामे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम भरते. ऑस्ट्रियन बनावटीचे ग्लॉक १७ हे सुमारे २० सेंमी लांब आहे. त्याचा सांगाडा प्लास्टिकवर्गीय पदार्थाचा असल्याने १७ गोळ्या भरूनही त्याचे वजन एक किलोग्रॅमच्या आत राहते. याउलट लपविण्यासाठीच बनविलेल्या ग्लॉक ४३ ची उंची जेमतेम ११ सेंमी आहे व त्यात सहा गोळ्या मावतात. मोठे पिस्तूल हातात स्थिर राहते, त्याचा धक्का कमी जाणवतो, नेम साधणे सोपे जाते आणि गोळ्या अधिक मावतात. म्हणून गैरसोय पत्करूनही काही लोक तेच बाळगतात.

मोठे पिस्तूल लपविताना नळीची लांबी हीच मुख्य अडचण असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे. कमरेच्या आत खोचलेल्या पिस्तुलाची नळी विजारीत, शरीराला समांतर जाते. ती थोडी लांब असली तरी बाहेरून दिसत नाही. कमरपट्ट्याच्या वर राहते ती मूठ, आणि ती शरीराला काटकोनात बाहेर येते. वाकताना किंवा हात वर करताना सदऱ्यावर जो उंचवटा उमटतो तो बहुधा मुठीच्या टोकाचा असतो. या उमटण्याला तेथे ‘प्रिंटिंग’ असा शब्द रूढ आहे. कोल्ट कंपनीच्या ‘कमांडर’ या प्रतिमानाची नळी एम १९११ पेक्षा सुमारे दोन सेंमी आखूड, पण मूठ पूर्ण लांबीची आहे. साहजिकच लपविण्याच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक पडत नाही. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या ग्लॉक १९एक्स मध्येही आखूड नळीला ग्लॉक १७ ची पूर्ण मूठ जोडलेली आहे. सैनिकी उपयोगासाठी ही रचना योग्य असली, तरी लपविण्यासाठी नेमकी उलट रचना सोयीची ठरली असती.

शरीरावरील जागा

जागा सांगण्यासाठी घड्याळाच्या आकड्यांची परिभाषा वापरतात. बेंबी म्हणजे १२, उजवे कमरेचे हाड म्हणजे ३, पाठीचा कणा म्हणजे ६ आणि डावी बाजू म्हणजे ९. पुढील वर्णन उजव्या हाताने पिस्तूल चालविणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांसाठी बाजू उलट धराव्यात.

मोठ्या पिस्तुलासाठी सर्वांत जुनी व प्रचलित जागा ३ ते ५ च्या दरम्यान, म्हणजे कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या किंचित मागे असते. नेमके ३ वर ठेवल्यास कमरेच्या सर्वांत रुंद भागाची रुंदी आणखी वाढते. ४ च्या आसपास मात्र हाडामागे एक नैसर्गिक खोलगटपणा असतो आणि पिस्तूल त्यात बसते. येथे होल्स्टर सुमारे १५ अंशांनी पुढे झुकविण्याची पद्धत आहे. त्यामुळे मुठीचे टोक मागे उघडे न पडता वर, बरगड्यांच्या दिशेने वळते. या जागेचा दोष वाकताना उघड होतो. कमरेतून पुढे वाकल्यास मूठ पाठीवर सुळक्यासारखी उभी राहते. म्हणून खाली पडलेली वस्तू उचलताना गुडघ्यात वाकावे लागते. खुर्चीच्या पाठीशी व मोटारीच्या आसनाशी मूठ घासते, तर आसनपट्ट्यामुळे तेथवर हात पोहोचणे अवघड होते. उभ्याने काम करणाऱ्या सडपातळ व्यक्तीला ही जागा सहसा मानवते. रुंद नितंब व आखूड धड असल्यास मूठ बरगड्यांत रुतते; अनेक स्त्रियांना ही जागा याच कारणासाठी गैरसोयीची वाटते.

१२ ते १ च्या दरम्यान, पोटाच्या पुढील बाजूस ठेवण्याच्या पद्धतीला आंत्रपुच्छाच्या जागेवरून ‘अपेंडिक्स कॅरी’ म्हणतात. येथे मूठ पोटाच्या सपाटीला लागून राहते, सैल सदऱ्याच्या पुढच्या घोळात सहज झाकली जाते आणि दोन्ही हातांच्या आटोक्यात असते. गर्दीत मागून कोणी हात घालण्याची भीतीही कमी होते. लांब नळीचे पिस्तूल येथे कधीकधी आखूड पिस्तुलापेक्षा अधिक नीट बसते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. त्यामागील कारण तरफेचे आहे: पट्ट्याखालील लांब भागावर शरीराचा दाब पडतो आणि वरची मूठ आत ओढली जाते. आखूड पिस्तुलाचे बहुतेक वजन पट्ट्याच्या वर असल्याने ते बाहेर कलंडते. म्हणून काही जण आखूड पिस्तुलासाठीही मुद्दाम लांब होल्स्टर घेतात.

या जागेची किंमतही मोठी आहे. बसल्यावर नळी जांघेत रुतते व मूठ पोटात. पोट सुटलेल्या व्यक्तीस ती असह्य होऊ शकते, तरी होल्स्टर थोडे वर वा बाजूला सरकविल्यास फरक पडतो. अधिक गंभीर बाब अशी, की पिस्तुलाचे तोंड जांघेकडे असते आणि मांडीतून जाणारी मोठी रोहिणी तेथून जवळच असते. चुकून गोळी सुटल्यास काही मिनिटांत प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो.

६ वर, पाठीच्या मध्यभागी पिस्तूल ठेवण्याची पद्धत चित्रपटांतून परिचित आहे. ती टाळलेलीच बरी. बसता येत नाही, मागून कोणी पिस्तूल काढून घेतल्यास कळत नाही, आणि पाठीवर पडल्यास धातूचा तो ठोकळा थेट कण्यावर आदळतो.

खांद्यावरील होल्स्टर ‘मायामी व्हाइस’ (१९८४–८९) या दूरचित्रवाणी मालिकेमुळे जगभर परिचित झाले. मोठ्या पिस्तुलाचे वजन ते दोन्ही खांद्यांवर वाटते, दुसऱ्या बाजूस भरलेली मॅगझिने लावून तोल साधता येतो, आणि दिवसभर मोटार चालविणाऱ्यास कमरेवर भार राहत नाही. मात्र वरचा कोट काढता येत नाही. आडव्या होल्स्टरमध्ये तर नळीचे तोंड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे राहते. घोट्याची व खिशाची होल्स्टरे या आकारासाठी निरुपयोगी आहेत.

होल्स्टर, पट्टा आणि कपडे

आरामाचा निम्मा प्रश्न जागेचा नसून पट्ट्याचा असतो. साधा मऊ पट्टा एक किलोग्रॅम वजनाखाली वळतो, होल्स्टर बाहेर झुकते आणि माणूस पट्टा अधिक आवळतो. दुखणे येथूनच सुरू होते. वजन कमरेच्या घेरावर पसरविणारा ताठ पट्टा आणि होल्स्टर आत मावेल अशी एक माप मोठी विजार यांनी हा त्रास बराच कमी होतो. पट्ट्याच्या बाहेरचे होल्स्टर सर्वांत आरामदायी असते, पण तेथे नळीची लांबी खरोखरच महत्त्वाची ठरते, कारण होल्स्टरचे खालचे टोक झाकण्याइतका लांब सदरा किंवा जाकीट लागते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात हे सहज जमते. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात नाही.

कमरेआतील आधुनिक होल्स्टरांना ‘क्लॉ’ नावाचा छोटा पंख असतो. तो पट्ट्याच्या आतील बाजूस टेकतो व मूठ शरीराकडे वळवितो. नळीच्या टोकापाशी लावलेली ‘वेज’ ही मऊ पाचर खालचा भाग बाहेर ढकलून वरचा भाग आत आणते. चामड्याचे होल्स्टर अंगाला मऊ लागते, पण कालांतराने सैल होऊन त्याचे तोंड मिटू शकते. कायडेक्स या कडक प्लास्टिकचे होल्स्टर आकार सोडत नाही. पदार्थ कोणताही असो, होल्स्टरने चाप पूर्णपणे झाकलेला असणे ही पहिली अट होय. एम १९११ ला अंगठ्याने लावायची कळ असते. ग्लॉक पिस्तुलांना तशी कळ सहसा नसते, तेव्हा तेथे होल्स्टर हाच मोठा आधार असतो.

होल्स्टर वगळल्यास काय होते याचे गाजलेले उदाहरण नोव्हेंबर २००८ मधील आहे. फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस यांनी न्यू यॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये कमरेत नुसतेच खोचलेले ग्लॉक पिस्तूल घसरत असताना सावरण्याचा प्रयत्न केला आणि गोळी त्यांच्याच मांडीत शिरली. शस्त्राबाबतच्या गुन्ह्यासाठी त्यांना पुढे दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

पिस्तूल पुन्हा होल्स्टरमध्ये ठेवण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. सदऱ्याचे टोक किंवा नाडी चापात अडकून गोळी सुटू शकते. ते सावकाश, कपडा बाजूला धरून व पाहून ठेवावे, असे प्रशिक्षक शिकवितात. पुढील बाजूस बाळगणाऱ्यांपैकी काही जण होल्स्टर अंगावरून उतरवून, पिस्तूल त्यात बसवून मगच दोन्ही एकत्र कमरेला लावतात. नवी जागा निवडताना पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते काही दिवस घरातच वागवून पाहणे इष्ट असते. त्या काळात बसणे, वाकणे, जिना चढणे व मोटारीत शिरणे हे सर्व करून पाहावे, कारण आरशासमोर उभे राहून केलेली निवड खुर्चीत फसते.

अंगावेगळे पिस्तूल

मोठे पिस्तूल अंगावर नकोसे झाले की ते पिशवीत किंवा पर्समध्ये जाते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील हेडन येथील एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आईच्या पर्समधील पिस्तूल लागले आणि सुटलेल्या गोळीने तिचा मृत्यू झाला. पिशवीतील शस्त्राचा विसर पडणेही नित्याचे आहे: २०२३ मध्ये अमेरिकेतील विमानतळांवरील तपासणीत प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका सापडल्या. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. स्वच्छतागृह ही आणखी एक अडचणीची जागा. वॉशिंग्टन येथील संसदेच्या सुरक्षा दलातील कर्मचारी आपली पिस्तुले स्वच्छतागृहात विसरल्याच्या घटना २०१५ मध्ये उघड झाल्या. त्यांपैकी एक पिस्तूल एका लहान मुलाला सापडले होते. तेथे पिस्तूल होल्स्टरमधून न काढता, ते होल्स्टरसह विजारीच्या घडीतच राहू द्यावे असे सुचविले जाते.

भारत आणि भारतीय

भारतात बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. ९ मिमी व्यासाची पिस्तुले प्रतिबंधित वर्गात मोडत असल्याने ग्लॉक १७ सारखे शस्त्र सामान्य परवानाधारकास मिळत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी भाषकांपैकी ग्रीनकार्डधारकांना संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगता येते. एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र ग्राह्य शिकार-परवान्यासारखे काही अपवाद वगळता ती बाळगणे हा संघीय गुन्हा ठरतो, मग राज्याचा कायदा कितीही सैल असो.