नळीतून जाणारा घास

आयसीयूतले डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "पेशंटला नाकातून नळी घालावी लागेल." एवढं ऐकलं की निम्मे नातेवाईक खचतात. नळी लागली म्हणजे संपलं, असा आपल्याकडे समज आहे. आमच्या सोलापुरातही तो घट्ट आहे. मग कुणी सही द्यायला कचरतं, कुणी दोन चमचे जमजम तरी पाजू द्या म्हणून विनवतं. माया खरी असते. पण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तेच पाणी श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरलं, तर न्यूमोनिया होतो.

या नळीच्या इतिहासात आपलाही एक धागा आहे. 12व्या शतकात अंदलूसमधल्या इश्बिलियात, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये, इब्न जुहर नावाचे हकीम होऊन गेले. 1162 साली ते वारले. ज्याला गिळताच येत नाही त्याला जगवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी 'अल-तैसीर' या ग्रंथात घेतला आणि घशातून चांदीची किंवा कथलाची नळी घालून पातळ आहार देण्याच्या उपायाची चर्चा केली. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला.

1790 साली लंडनच्या जॉन हंटर यांनी ईल माशाच्या कातडीची नळी करून गिळता न येणाऱ्या एका रुग्णाला आहार दिला. आज आपल्या दवाखान्यांत जिला 'रायल्स ट्यूब' म्हणतात, ती 1921 सालची, डॉ. जॉन रायल यांची. ती मुळात जठरातला रस तपासणीसाठी बाहेर काढायला बनवली होती! 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉ. स्टॅन्ली ड्युड्रिक यांनी पूर्ण पोषण शिरेतून देता येतं हे दाखवलं. तरीही आतडं चालत असेल तर डॉक्टर आधी नळीच निवडतात, शक्यतो पहिल्या 24 ते 48 तासांत. कारण उपाशी आतड्याचं अस्तर कमजोर होतं.

पण नुसत्या नळीने माणूस जगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. 18 मे 2015 रोजी त्यांचं निधन झालं. या 41 वर्षांत तिथल्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना कुस्करलेलं अन्न भरवणं थांबलं नाही. पुढे नळीही लागली. त्यांचं अन्न थांबवावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती फेटाळली. काही परिस्थितीत उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने उघडली, मात्र अरुणांच्या बाबतीत भरवणाऱ्या हातांचं मत मानलं गेलं.

नळीतून जातो तो उपचार की घास? कायद्याचे जाणकार यावर वाद घालतील. उर्दूत आजाऱ्याच्या सेवेला 'तीमारदारी' म्हणतात, मराठीत शुश्रूषा. केईएमच्या परिचारिकांनी केली ती हीच. बरं होण्याची आशा असलेल्या आपल्या माणसासाठी डॉक्टर नळी सुचवत असतील, तर ती शेवटाची खूण समजू नका. शंका जरूर विचारा, पण केवळ भीतीपोटी त्याला उपाशी ठेवू नका.