गारुतची समाधी

दोन राष्ट्रांचे संबंध म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वकिलाती, तहनामे आणि हस्तांदोलन करणारे मुत्सद्दी उभे राहतात. इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध जुळले ते १९७३ साली. परंतु तेथून आरंभ केला, तर या हकिकतीतील खरी माणसे आपल्याला भेटणारच नाहीत. म्हणून, श्रोतेहो, आपण जरा मागे जाऊ.

कोरियाच्या जोसोन राजांच्या दप्तरात १४०६ सालची एक नोंद आहे. जावाच्या राजाचा वकील मोर, पोपट, मिरी, भीमसेनी कापूर असा नजराणा घेऊन निघाला होता. गुन्सानजवळ जपानी चाच्यांनी त्याचे जहाज लुटले. २१ माणसे लढाईत पडली, ६० पकडली गेली आणि उरलेली ४० कशीबशी किनाऱ्याला लागली. या दोन लोकांची जुनी नोंदलेली गाठभेट ती अशी संकटातली. पुढची मोठी गाठ पडली तीही संकटातच.

१९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९४२ मध्ये जपानने डचांकडून जावा घेतला. युद्धकैद्यांच्या छावण्यांवर पहारा करण्यासाठी त्याने सुमारे ३,००० कोरियन तरुण भरती केले. करार दोन वर्षांचा होता, पण तो पाळला गेला नाही. हे तरुण जपान्यांच्या दृष्टीने हलके आणि कैद्यांच्या दृष्टीने जुलमी ठरले. कैद्यांचे हाल झाले, हे आपण झाकू नये. युद्धानंतर १४८ कोरियनांना युद्धगुन्ह्यांबद्दल शिक्षा झाल्या आणि त्यांपैकी २३ जणांना देहांत शासन मिळाले. उलट, याच पहारेकऱ्यांतील काहींनी जावात स्वातंत्र्यासाठी गुप्त मंडळ स्थापिले, आणि जानेवारी १९४५ मध्ये आंबारावा येथे तिघांनी जपान्यांवर शस्त्र उचलून अखेर प्राण दिले.

परक्याचा गणवेश घालून परक्या भूमीवर उभे राहण्याची ही कुचंबणा आपल्याला अनोळखी नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिटिशांच्या हुकुमाने सुराबायाला उतरलेल्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. स्वतःचा देश पारतंत्र्यात असता दुसऱ्याच्या स्वातंत्र्यलढ्यासमोर त्यांना उभे राहावे लागले.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी कोरिया जपानच्या हातून सुटला. १७ ऑगस्टला इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारले. या दोन दिवसांच्या अंतरात यांग चिल-सुंग या पहारेकऱ्याचे आयुष्य बदलले. बहुतेक सोबती घरी परतण्याच्या खटपटीत असता तो मागे राहिला आणि पश्चिम जावात गारुतच्या परिसरातील गनिमी तुकडीत सामील झाला. गावकरी त्याला कोमारुद्दीन म्हणत. १९४८ मध्ये डचांनी त्याला दोन जपानी सोबत्यांसह पकडले आणि १० ऑगस्ट १९४९ रोजी गारुत येथे गोळ्या घातल्या. जावातील युद्धबंदी दुसऱ्याच दिवशी अमलात यावयाची होती. डचांनी इंडोनेशियाला सत्ता सोपविली ती त्याच वर्षी २७ डिसेंबरला.

१९७५ मध्ये त्याच्या अस्थी गारुतच्या वीरभूमीत सन्मानाने पुरण्यात आल्या. पण समाधीच्या दगडावर नाव कोरले गेले ते जपानी. राज्यकर्त्यांनी कोरियनांवर लादलेले नाव मरणानंतरही त्याला चिकटून राहिले. त्याची खरी ओळख उजेडात आणण्यात मोठा वाटा कोणाचा? उत्सुमी आइको आणि मुराई योशिनोरी या जपानी अभ्यासकांचा. १९८० साली त्यांनी जावातील कोरियनांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये समाधीवर कोरियन नाव आले. ज्या राष्ट्राने नाव हिरावले, त्याच राष्ट्रातील विद्वानांनी ते परत मिळवून देण्यास साहाय्य करावे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला धीर देणारी आहे.

मग तहनामे निरर्थक काय? तसे आम्ही म्हणत नाही. सेऊलच्या परभाषा विद्यापीठात १९६४ पासून मलय-इंडोनेशियन भाषा शिकविली जाते. बुटोन बेटावरील बाउ-बाउ येथे चिया-चिया भाषेसाठी २००९ मध्ये कोरियन लिपी वापरात आली. २००४ पासून सरकारी करारान्वये इंडोनेशियन कामगार कोरियातील कारखान्यांत जाऊ लागले. हे सारे सरकारांनी वाट मोकळी केली म्हणूनच घडू शकले.

परंतु वाट काढणे निराळे आणि त्या वाटेवरून आलेल्या माणसाला ओळखणे निराळे. जावातील खेडुतांनी परक्या सैन्यातून आलेल्या एका तरुणाला आपल्या भाषेतले नाव देऊन आपला मानले. आज त्याच जावातला तरुण पोटासाठी कोरियाच्या यंत्रशाळेत उभा राहतो, तेव्हा तेथे त्याला नावाने हाक मारली जाते, की तो नुसता मजूर ठरतो? गारुतच्या ऋणाची फेड व्हावयाची ती समाधीवरच्या फुलांनी नव्हे, तर या वागणुकीने. आणि हा प्रश्न कोरियनांपुरता नाही. पोटासाठी आपल्या गावात आलेल्या परक्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, हेही आपण घरी जाता जाता स्वतःला विचारावे.