मांड आणि लगाम

कादंबरीतल्या एका स्वाराच्या निमित्ताने, चाळिशी उलटल्यावर मी कोल्हापुरात घोड्यावर बसायला शिकलो. पहिल्याच फेरीत तोल गेला आणि मी लगाम ओढला. घोड्याने मान उडवली. म्हातारे चाबूकस्वार ओरडले, "गुर्जी, पाठीवर बसा, त्याच्या तोंडाला लोंबकळू नका! मांड पक्की असली की हात मऊ ऱ्हातोय. लगाम सैलबी नको, ताणूनबी नको."

ही विद्या या गावाला नवी नाही. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतलेले शाहू महाराज स्वतः खडखडा हाकीत. घोडी शिकवून तयार करायची ती अवजड गाडी. तिथे मनगटाच्या जोरापेक्षा हाताचा अंदाज मोठा. १९१७ साली याच हाताने संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. फी माफ; पण मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड! हात मऊ होता, लगाम सुटलेला नव्हता.

मी पडलो शिक्षक. वर्गात आवाज चढला, की आजही मनात येते : आपली मांड सुटली, आणि आपण पोरांच्या तोंडाला लोंबकळतो आहोत.