एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

आमच्या विभागातला जुना संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर प्रथम दोन ओळी उमटतात. एक विंडोजची, दुसरी लिनक्सची. दहा सेकंदांत बाणाची कळ दाबून निवड केली नाही, तर यंत्र आपणहून पहिली ओळ निवडते आणि पुढे जाते. विद्यार्थी या ओळींकडे लक्षही देत नाहीत. पण त्यांच्यामागे चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो केवळ तंत्राचा नाही. निवड कोणी करायची आणि निवडीला वाव आहे हे कोणी कोणाला कळू द्यायचे, हा वाङ्मयाच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न त्यात आहे.

वीज लागताच संगणकाची स्मृती कोरी असते. चकतीवरची कार्यप्रणाली स्मृतीत आणायला एखादा कार्यक्रम हवा. पण तो कार्यक्रम तरी स्मृतीत कोण आणणार? आपल्याच बुटांचे पट्टे धरून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य खटाटोपावरून या क्रियेला ‘बूट’ होणे हे नाव पडले. व्यवहारातला तोडगा मात्र साधा आहे. यंत्रात कायमचा कोरलेला एक छोटा कार्यक्रम चकतीचा अगदी पहिला तुकडा वाचतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. या तुकड्यात जे लिहिलेले असेल, त्यावर पुढचे सारे ठरते.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्यासाठी एक नव्हे, तीन कार्यप्रणाली जाहीर झाल्या होत्या. त्यांपैकी पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर होती आणि सीपी/एम-८६ची २४० डॉलर. ग्राहकाने कोणती घेतली, हे सांगायला नको. १९८३ मध्ये हार्ड डिस्कसह यंत्र आले आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने चकतीची वाटणी कशी करायची याचा नियम घालून दिला. पहिला तुकडा ५१२ बाइटांचा. त्यात चार हिश्श्यांची नोंद करणारे ६४ बाइटांचे कोष्टक, शेवटी दोन बाइटांची खूण आणि प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी उरलेले ४४६ बाइट. आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे या जागेत जेमतेम दोन ओव्या मावतील. गंमत अशी की, तेव्हाच्या डॉसला स्वतःला एकच हिस्सा वापरता येई. बाकीचे हिस्से इतर प्रणालींसाठी होते. वाडा बांधतानाच अनेक बिऱ्हाडांची सोय धरलेली होती.

या सोयीचा खरा उपयोग पुढच्या दशकात झाला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याच्या यंत्रात मिनिक्स नावाची प्रणाली होती आणि तिच्या शेजारी तो स्वतःची प्रणाली घडवत होता. मोडेमला पाठवायची आज्ञा चुकून चकतीकडे गेली आणि मिनिक्सचा हिस्सा पुसला गेला. तो पुन्हा भरण्याऐवजी त्याने आपल्याच प्रणालीवर राहायचे ठरवले. लिनक्सच्या घडणीतला एक टप्पा असा शेजाऱ्याचे बिऱ्हाड मोडल्यामुळे आला.

लिनक्स वापरू पाहणाऱ्यांच्या यंत्रात बहुधा आधीच विंडोज असे. तेव्हा दारात उभे राहून ‘कोणाकडे जायचे?’ असे विचारणारा कोणी हवा होता. व्हेर्नर आल्मेस्बर्गर यांचा ‘लिलो’ हे काम करी. पण तो चकतीवरचे ठरावीक ठिकाण तेवढे लक्षात ठेवी. प्रणालीचा गाभा बदलला आणि लिलोला तसे कळवायचे राहिले, तर यंत्र सुरूच होत नसे. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी लिहायला घेतलेला ‘ग्रब’ चकतीवरच्या फायली स्वतः वाचू शके. त्यामुळे तो टिकला. तरीही ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम त्या काळी पाठ करावा लागे, कारण विंडोज बसवताना तो पहिला तुकडा नव्याने लिहिला जाई. दुसरे बिऱ्हाड जागच्या जागी असे. दार मात्र नाहीसे होई.

हे दार मुद्दाम लपवले गेल्याचे उदाहरण ‘बीओएस’चे. जाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीची ही प्रणाली १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिताचीने आपल्या काही यंत्रांत विंडोजच्या जोडीला घातली. पण यंत्र सुरू केल्यावर निवडीची यादी दिसत नसे, थेट विंडोज सुरू होई. पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात आहे, पण सूचीत नाही, असाच हा प्रकार. उत्पादकांशी केलेल्या करारांमुळे हे घडते, असा आरोप करत बीने २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर कंपनीची प्रणाली विकली गेली होती. दरम्यान, अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या खटल्याच्या २००२च्या अंतिम निर्णयात एक कलम आले : विंडोज सुरू होण्याआधी दुसरी प्रणाली निवडण्याची सोय उत्पादकाने दिली, तर त्याला अडवता येणार नाही. ४४६ बाइटांची जागा न्यायालयाच्या निर्णयात पोचली, ती अशी.

पुढे दाराची रचनाच बदलली. नव्या यूईएफआय व्यवस्थेत प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र नोंद मिळते, त्यामुळे एकीने दुसरीचा दरवाजा पुसण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ आले. मान्य स्वाक्षरी असलेलाच कार्यक्रम आता आत जाऊ शकतो. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पहिल्याच तुकड्यात दडणारे विषाणू खरोखर होते. पण बहुतेक यंत्रांत ही मान्यता मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने मिळते आणि लिनक्सच्या अनेक वितरणांनाही तिच्याच स्वाक्षरीचा आधार घ्यावा लागतो. बिऱ्हाडे दोन, पण दिंडी दरवाजाची किल्ली एकाकडे.

आमच्या संगणकात विंडोज राहिले आहे, ते युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या जुन्या प्रबंधांसाठी. ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये टंकले, त्याबाहेर उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. नवे लेखन आम्ही लिनक्सवर करतो. एक प्रणाली काढून टाकली, तर विभागाचा काही वर्षांचा अभ्यास वाचता येणार नाही.

अभ्यासक्रमाबाबतही असेच घडते. यादीत नसलेले पुस्तक कोणी नाकारत नाही. ते आहे हेच कोणाला माहीत नसते. यादी डोळ्यांसमोर असली, तर निदान नाकारण्याचा अधिकार तरी वाचकाकडे राहतो. म्हणून त्या दहा सेकंदांची मुदत कमी करावी, ही सूचना आम्ही अद्याप मानलेली नाही.