मुखस्वच्छता, मेंदूविकार अतिदक्षता विभागातील

बेशुद्ध, अर्धवट शुद्धीतील किंवा स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाचे दात, हिरड्या, जीभ व टाळू रोज घासून-पुसून ओलसर ठेवण्याची परिचर्या. गिळणे बंद पडले की लाळ घशात साचते. तोंड उघडे राहिल्याने पुढचा भाग मात्र सुकतो. दोन-तीन दिवसांतच तोंडातील नेहमीच्या जंतूंची जागा न्यूमोनिया घडवणारे जंतू घेऊ लागतात. श्वासनलिकेतील नळीभोवतीचा फुगा लाळ बरीचशी अडवतो, पण सगळी नाही. जी झिरपते ती फुप्फुसात जाते.

रत्नागिरी जिल्ह्यात असे रुग्ण नाना वाटांनी येतात : आंबे काढताना झाडावरून पडलेले, मुंबई–गोवा महामार्गावर डोक्याला मार लागलेले, पक्षाघाताचे, पावसाळ्यात मण्यार चावलेले. जिल्हा शासकीय रुग्णालय (२०२३ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न) आणि चिपळूण तालुक्यातील डेरवणचे वालावलकर रुग्णालय ही इथली मोठी केंद्रे. तरी पुढील उपचारांसाठी काहींना आंबा घाट चढून कोल्हापूर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. रक्तदाब, प्राणवायू, सलाईन यांच्या धावपळीत तोंडाची आठवण सर्वांत शेवटी होते.

मण्यारीचा रुग्ण वेगळा असतो. विषाने पापण्या मिटतात, गिळणे थांबते, श्वासाचे स्नायू थकतात, पण वेळेवर व्हेंटिलेटर मिळाला तर शुद्ध शाबूत राहू शकते. तो सारे ऐकत असतो, फक्त सांगू शकत नाही. गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचीही तीच गत. २०२५ च्या आरंभी पुण्यात त्याची साथ आली तेव्हा अनेकांना व्हेंटिलेटर लागला. अशा रुग्णाच्या तोंडात काहीही घालण्याआधी ‘आता दात घासते हं’ एवढे सांगणे हा परिचर्येचाच भाग मानावा.

दात घासण्याने कवटीतील दाब वाढेल, ही जुनी भीती. हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. मेंदूला मार लागलेल्यांत तो २२ च्या वर गेल्यास उपचार करावेत, असे २०१६ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फिनिक्सच्या बॅरो संस्थेतील व्हर्जिनिया प्रेंडरगास्ट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाबमापक बसवलेल्या रुग्णांत साधा व विजेचा ब्रश ताडून पाहिला. दाबाच्या दृष्टीने दोन्ही सुरक्षित ठरले. मात्र ज्याचा दाब आधीच चढलेला आहे त्याला हा निष्कर्ष सरसकट लावू नये. तिथे दाब उतरेपर्यंत थांबावे आणि काम थोडे-थोडे करावे.

खरा धोका ब्रशपेक्षा त्याच्या आगेमागे असतो. उशाकडील भाग सुमारे ३० अंश उंच हवा. मान सरळ हवी. ती एका कुशीला वळली की मानेच्या शिरांतून रक्त उतरायला अडथळा येतो आणि दाब चढतो. श्वासनलिकेतील नळीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा आहे ना, हे आधी पाहावे. लहान मऊ ब्रश, पाणी अगदी थोडे आणि सक्शन हाताशी. सक्शनची नळी मात्र खोल घालू नये : खोकला आला की दाब उसळतो, आणि मानेच्या मणक्याला इजा झालेल्याची नाडी एकदम मंदावू शकते. जबडा आवळला असेल तर जोर लावू नये, बोट तर मुळीच घालू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांच्या हिरड्या चटकन रक्ताळतात. मशेरी किंवा तंबाखूची सवय असलेल्यांचे दात हलते असू शकतात. निखळलेला दात श्वासनलिकेत जाणे हा टाळता येण्याजोगा अपघात आहे, म्हणून पहिल्याच दिवशी दात तपासावेत आणि कवळी काढून ठेवावी.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकावर एके काळी मोठी भिस्त होती. २०१४ च्या एका विश्लेषणात मात्र हृदयशस्त्रक्रियेखेरीज इतर रुग्णांत त्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही, उलट मृत्यूंबाबत शंका उपस्थित झाली. २०२२ च्या अमेरिकी शिफारशींनी औषधाला बाजूला सारून ब्रशला पसंती दिली. दिवसातून दोनदा दात घासणे, मधल्या वेळी ओठ-जीभ ओली करणे, इतके बहुतेकांना पुरते. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे वापरू नयेत. त्यांनी तोंड आणखी सुकते.

भेटीच्या वेळेत नातेवाईक ‘घसा सुकलाय’ म्हणून चमचाभर पाणी किंवा पेज भरवू पाहतात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत हे पूर्ण वर्ज्य. त्याऐवजी ओला गॉज ओठांवर फिरवायला सिस्टरांनी त्यांना शिकवावे.